पाठीला पाठ

दुलुथचा जानेवारी. बाहेर उणे एकतीस,
सरोवरावरचा बर्फ रात्रभर कण्हतो.
खाली माझ्या तळघरात मात्र दोघा भावांनी
प्लायवुडवर जुलै मांडलाय:
हिरव्या रंगात बुडवलेल्या शेवाळाची झाडं,
आरशाच्या तुकड्याचं पाणी,
आणि आगकाड्यांची ती गोदी
जिच्या खऱ्या रूपावर बापाने बत्तीस वर्षं खनिज ओतलं.

आयनो थोरला. रुडी त्याच्या पाठचा.
मध्ये चौदा महिने आणि बापाची होडी.
ती कोणी विकली, कितीला, कोणाला न विचारता,
हे मला विचारू नका.
दोघांच्याही हकिकती मला पाठ आहेत,
आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

दर गुरुवारी सातला येतात.
एक पुढच्या दाराने, एक गॅरेजमधून.
बोलतात ते इंजिनांपुरतंच.

दोन डिझेल इंजिनं, तपकिरी, पिवळ्या पट्ट्यांची.
आयनोचं जुनं, पितळी दात्यांचं, जड,
सुटताना म्हाताऱ्यासारखं घसा साफ करणारं.
त्याच्या पोटात रुडीने मागच्या पानगळीत
न विचारता चिप बसवून दिली.
(आयनोने आभार मानले नाहीत. काढूनही टाकली नाही.)
रुडीचं नवं, गुळगुळीत, आवाजच नाही.

पाठीला पाठ लावून जोडायची.
म्हणजे दोन्ही टोकांना तोंड,
खाणीवरून परतताना कुणाला वळवायला नको.
"खरे लोकही असंच करतात, आर्डिस," रुडी मला सांगतो,
मला, म्हणजे आयनोला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

पण जोडण्याआधी सुटी पळवून बघायची,
वीतभर अंतर राखून, एकाच रुळावर.
रुडीकडे घड्याळ, आयनोकडे खडू.
पहिल्या फेरीत जुनं चार बोटं मागे पडलं.
दुसरीत नवं मागून आलं आणि सरळ धडकलं.
"तुझ्याला घाई."
"तुझं अडतं."
"मग कमी कर की."
"मीच का?"

वेग जुळला नाही तर काय होतं ते मी पाहिलंय:
एक ओढतं, दुसरं फरफटतं,
चाकं जागच्या जागी फिरतात,
रुळावर काळी रेघ, जळक्या तेलाचा वास,
आणि गाडी पुढे जातेच, हे त्यातलं वाईट.

बासष्ट, आयनो म्हणतो. रुडी बटण दाबतो.
साठ. एकोणसाठ. पुन्हा साठ.
मी वेलदोड्याचा पाव कापते, कॉफी ओतते, वर जात नाही.

शेवटी एक प्रश्न उरतो.
दोघांतल्या एकाला सांगावं लागतं
की तुझं मागे जाणं म्हणजे आमचं पुढे जाणं.
नाहीतर पाठीला पाठ लावलेली दोघं
आपापल्या तोंडाच्या दिशेने निघतात,
आणि मधला हुक तुटतो.

कोणाला सांगायचं?
भट्टी सुरू झाली, बंद झाली.
रुडी कपाच्या तळाशी बघत होता.
"माझं उलटं कर," आयनो म्हणाला.
"तसंही त्याला आपलं तोंड कुठंय ते कळत नाही."
रुडीच्या नाकातून काहीतरी निघालं,
हसू म्हणा, कॉफी म्हणा.

चौतीस वाघिणी घेऊन ती चढ चढली.
मी वाकून मधला हुक पाहिला:
सैल. ना ताण, ना रेटा.
अकराव्या वाघिणीने आरशापाशी रूळ सोडला,
ती आयनोने शिव्या देत उचलली.

दहाला निघाले. दोन दारांनी.
रुडी गाडीच्या हीटरचा प्लग लावायला विसरलेला,
बॅटरी गार. किल्ली फिरवली, टक्, टक्, नुसतं टक्.
केबल आयनोकडे आहे.
केबल आखूड आहे.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतंय:
आयनो रस्त्यावरून मागे आलाय, गाडी वळवतोय,
बर्फात हातहातभर पुढेमागे करत,
दिवे भिंतीवर, मग कुंपणावर,
मग थेट रुडीच्या तोंडावर.
त्याने डोळ्यांवर हात धरलाय,
आणि दुसऱ्या हाताने खुणावतोय: ये, ये, अजून थोडा.